निरोप गेल्यानंतरची आवराआवर
(हीरक महोत्सवी विज्ञान व्याख्यान)



हीरक महोत्सवाच्या वर्षात शाळेचा गौरव करणारी भाषणे पुष्कळ होतील, आणि ती व्हायलाही हवीत. आजचे विवेचन मात्र एका विज्ञानविषयाचे आहे. साठ वर्षे ही वास्तू ज्या कामासाठी उभी आहे ते काम म्हणजे शिकणे. शिकणे ज्या अवयवात घडते त्या मेंदूत एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे पोहोचतो, तेव्हा नेमके काय घडते? निरोप जातो कसा, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात थोडक्यात मिळते. पण निरोप गेल्यानंतर मागे काय उरते, ते कोण आवरते, किती वेळात आवरते आणि त्या आवराआवरीवर पुढच्या निरोपाचे बळ कसे ठरते, हा भाग सहसा शाळेच्या पुस्तकात येत नाही. आजचा विषय तोच आहे.

विषय डोळ्यांना न दिसणाऱ्या जागेतला आहे. म्हणून आधी एक दिसणारी जागा समोर ठेवणे सोयीचे होईल. काशीक्षेत्री मणिकर्णिका घाटाला लागून उत्तरेस, गंगेच्या प्रवाहाच्या दिशेने पुढे गेले की शिंदे घाट लागतो. मराठी माणसाला तो परका नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील बायजाबाई या ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. १८२७ मध्ये दौलतराव निवर्तल्यावर १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार त्यांनी पाहिला. काशीतील ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप त्यांनी १८२८ मध्ये बांधविला, आणि १८३० च्या सुमारास हा घाटही बांधविला. बांधकाम इतके भव्य आणि इतके जड होते की पुढे त्याच्याच भाराने घाटाचा काही भाग खचला. घाटाच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचे मंदिर एका बाजूस कललेल्या अवस्थेत उभे आहे. वर्षातील बराच काळ त्याच्या गाभाऱ्यात पाणी किंवा गाळ असतो.

या घाटावर दर पावसाळ्यात एक ठरलेला प्रकार घडतो. गंगा चढू लागते. वाराणसीत ७०.२६२ मीटर ही इशारा पातळी आणि ७१.२६२ मीटर ही धोक्याची पातळी मानली जाते. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पूर मोठा असला म्हणजे एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाण्याची पायवाट बुडते, मणिकर्णिकेवरील अंत्यसंस्कार वरच्या भागात हलवावे लागतात, नावा बांधून ठेवाव्या लागतात. मग पूर उतरतो. पण पूर उतरला म्हणजे घाट मोकळा झाला असे होत नाही. पायऱ्यांवर गाळाचा जाड थर बसलेला असतो. पंप लावून, पाण्याचा मारा करून, फावड्यांनी ओढून तो गाळ नदीत परत लोटावा लागतो, आणि कार्तिक पौर्णिमेला दिवे लागण्यापूर्वी पायऱ्या पुन्हा उघड्या कराव्या लागतात. पूर आपसूक येतो. आवराआवर मात्र कुणाला तरी करावी लागते आणि तिला बळ लागते. एवढे चित्र ध्यानात ठेवून आता चेतापेशीकडे वळू.

चेतापेशीचा एक लांब धागा असतो; त्याला अक्षतंतू म्हणतात. या धाग्यावरून विद्युत आवेग धावतो आणि त्याच्या टोकाशी पोहोचतो. तिथे पुढची पेशी चिकटलेली नसते. मध्ये अतिशय अरुंद फट असते. या जागेला संपर्कस्थान, इंग्रजी शब्द वापरायचा तर सिनॅप्स, म्हणतात. टोकाच्या आत निरोप्या रसायनाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या सज्ज असतात. आवेग आला की त्यांतील काही पिशव्या कडेला फुटतात, रसायन फटीत सांडते आणि पलीकडच्या पेशीला निरोप कळतो. हे रसायन सुट्या थेंबांनी पाझरत नाही, तर पिशवी-पिशवीने, ठरावीक मापानेच बाहेर पडते, हे होसे देल कास्तियो आणि बर्नार्ड कात्झ यांनी १९५४ मध्ये बेडकाच्या स्नायूवर दाखवून दिले. हे कात्झ लायप्झिगमध्ये जन्मलेले. १९३५ मध्ये जर्मनी सोडून ते लंडनला आले. १९७० च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आजच्या विषयात त्यांचे नाव आणखी एकदा येणार आहे.

आवेग विजेचा आणि पिशवी फुटणे हे रसायनाचे काम. या दोहोंमधला दुवा म्हणजे कॅल्शियम. आपल्याला कॅल्शियम ठाऊक असते ते हाडांतले, दुधातले, नाचणीतले. पण चेतापेशीच्या टोकाशी ते एका इशाऱ्याचे काम करते. पेशीच्या बाहेरील द्रवात मोकळे कॅल्शियम जितके असते त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग पेशीच्या आत असतो. एवढी मोठी उतरंड पेशी जिवंत असेपर्यंत राखत असते. आवेग टोकाशी पोहोचला की पेशीच्या पटलातील कॅल्शियमची दारे क्षणभर उघडतात. क्षणभर म्हणजे साधारण एक मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात बाहेरचे कॅल्शियम लोंढ्यासारखे आत घुसते. दाराच्या अगदी जवळ, जिथे पिशव्या टेकून उभ्या असतात, तिथे त्याचे प्रमाण एकाएकी शेकडो पटींनी चढते आणि पिशव्या फुटतात. दारे बंद होताच हा लोंढा चहूकडे पसरतो, विरळ होतो आणि दाराजवळची पातळी झपाट्याने उतरते.

इथपर्यंतची गोष्ट पुराची झाली. आता गाळाची.

लोंढा पसरला, पण आत आलेले कॅल्शियम नाहीसे झालेले नसते. ते आवरण्यासाठी टोकात अनेक यंत्रणा एकाच वेळी कामाला लागतात. पहिली यंत्रणा कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या प्रथिनांची. ही प्रथिने आलेल्या कॅल्शियमचा मोठा भाग लगेच पकडतात, म्हणून मोकळे कॅल्शियम थोडेच उरते. पण पकडणे म्हणजे बाहेर काढणे नव्हे. आज ना उद्या ते सोडावेच लागते. दुसरी यंत्रणा पेशीपटलातील पंपांची. हे पंप ऊर्जा खर्च करून कॅल्शियमचा एकेक आयन उतरंडीच्या उलट दिशेने बाहेर ढकलतात. तिसरी यंत्रणा देवघेवीची: सोडियमचे तीन आयन आत घ्यायचे आणि त्या बळावर कॅल्शियमचा एक आयन बाहेर घालवायचा. चौथी यंत्रणा पेशीच्या आतल्या कोठाराची. आंतर्द्रव्यजालिका पंपाने कॅल्शियम आपल्या पोटात ओढून घेते. पाचवी तंतुकणिकांची. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणिका एरवी या कामात फारशा पडत नाहीत, पण आवेगांची झड लागली आणि कॅल्शियम फार साचले की त्याही हात लावतात.

या सगळ्यांना मिळून एका आवेगाचे कॅल्शियम आवरायला किती वेळ लागतो? सर्व टोके सारखी नसतात, तरी ढोबळमानाने काही दशक ते काही शतक मिलिसेकंद. म्हणजे लोंढा एका मिलिसेकंदाचा आणि आवराआवर त्याच्या दहापट, शंभरपट किंवा त्याहूनही अधिक काळाची. या दोन काळांच्या अंतरातच आपला विषय दडलेला आहे. मज्जातंतूंतील आवेग एकेकटे क्वचितच येतात. पहिल्याची आवराआवर चालू असतानाच दुसरा येऊन ठेपतो. तेव्हा काय होते?

अनेक संपर्कस्थानांत दुसऱ्या आवेगाला पहिल्यापेक्षा अधिक पिशव्या फुटतात. दोन आवेगांतील अंतर वीस मिलिसेकंदांचे असेल तर वाढ मोठी, शंभराचे असेल तर कमी, अर्ध्या सेकंदाचे असेल तर बहुधा नगण्य. या घटनेला सुलभीकरण म्हणतात. पहिला निरोप दुसऱ्याची वाट सोपी करून जातो, असा त्याचा अर्थ. ही वाढ म्हणजे पहिल्या आवेगाच्या शिल्लक कॅल्शियमचा परिणाम असावा, अशी मांडणी कात्झ आणि रिकार्डो मिलेदी यांनी केली. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात बेडकाच्या स्नायूभोवतीचा द्रव कॅल्शियमच्या दृष्टीने कंगाल ठेवला होता आणि सूक्ष्म नळीतून, हव्या त्या क्षणी, मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम सोडले जात होते. पहिल्या आवेगाच्या वेळी कॅल्शियम हजर असले तर दुसऱ्याचे सुलभीकरण वाढते, असे त्यांना दिसले. निष्कर्ष सरळ होता: पहिल्या वेळी आत आलेले काहीतरी मागे राहते आणि दुसऱ्याच्या कामी येते.

शिंदे घाटाच्या भाषेत सांगायचे तर पहिला पूर पुरता उतरण्याआधीच दुसरा आला. पाणी आधीच दहाव्या पायरीवर होते, म्हणून तेवढ्याच पावसाने ते विसाव्या पायरीवर गेले. स्पष्टीकरण सुटसुटीत आहे आणि पटतेही. पण विज्ञानात पटणे पुरेसे नसते. हिशेब जुळावा लागतो. या ठिकाणी तो जुळेना.

हिशेब असा आहे. पिशव्या फुटण्याचे प्रमाण कॅल्शियमच्या प्रमाणाशी सरळ नसते. बेडकाच्या स्नायूवर डॉज आणि रहामिमोफ यांनी १९६७ मध्ये दाखविले की ते साधारण चौथ्या घाताने वाढते. कॅल्शियम दुप्पट झाले तर फुटणाऱ्या पिशव्या दोनाचा चौथा घात, म्हणजे सोळापट होतात. त्यामुळे थोड्या शिलकीनेही मोठा फरक पडावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण लोंढ्याच्या वेळी दाराजवळ कॅल्शियम समजा २० एकक चढते आणि मागे उरणारी शिल्लक समजा अर्धे एकक आहे. दुसऱ्या वेळी २० ऐवजी २०.५ झाले. ही वाढ अडीच टक्क्यांची. तिचा चौथा घात घेतला तरी सुमारे दहा टक्केच. प्रत्यक्ष मोजणीत मात्र कित्येक संपर्कस्थानांत दुसरा निरोप पहिल्याच्या दुप्पट, काही ठिकाणी त्याहूनही मोठा मिळतो. शिल्लक कॅल्शियम आहे, ते लागतेही. पण पुराच्या पाण्यात ओलीची भर घालून एवढी उंची भरून येत नाही.

शिल्लक कॅल्शियम खरोखरच लागते का, हेही वेगळ्या वाटेने तपासले गेले. ईजीटीए नावाचे एक रसायन कॅल्शियम पकडते, पण सावकाश पकडते. एका मिलिसेकंदाचा लोंढा त्याच्या हाती लागत नाही. मागे रेंगाळणारे कॅल्शियम मात्र ते भराभर उचलते. म्हणजे पुराला हात न लावता केवळ गाळ काढणारे हात वाढवण्याची ही युक्ती. उंदरांच्या लहान मेंदूतील तंतूंवर अटलुरी आणि रेगर यांनी १९९६ मध्ये ती वापरली. शिल्लक लवकर आवरली गेली की सुलभीकरणही कमी वेळ टिकते, असे आढळले. उलट दिशेचा पुरावाही आहे. पार्व्हाल्ब्युमिन हे असेच कॅल्शियम धरणारे प्रथिन आहे. ते नसलेल्या उंदरांत, जिथे एरवी दुसरा निरोप पहिल्यापेक्षा दुबळा असे अशा एका संपर्कस्थानात, तो पहिल्यापेक्षा बळकट होऊ लागला. आवराआवरीचा वेग बदलला की निरोपाचे बळ बदलते. इथे शंका उरली नाही. कोडे एवढेच राहिले की एवढीशी ओल एवढे मोठे काम करते कशी?

उत्तर असे मिळाले की ओलीकडे लक्ष ठेवणारा पहारेकरी वेगळाच आहे. पिशव्या ताबडतोब फोडणारे प्रथिन जाड कानाचे असते: फार मोठा लोंढा आला तरच ते हलते, पण हलले की विलंब करत नाही. त्याच्या जोडीला दुसरे एक प्रथिन असते. त्याला सिनॅप्टोटॅग्मिन-७ म्हणतात. हे संथ आहे, पण फार संवेदनशील. शिल्लक कॅल्शियमची ओलही त्याला जाणवते आणि बराच वेळ ते ती धरून राहते. २०१६ मध्ये रेगर यांच्याच प्रयोगशाळेने दाखविले की हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मेंदूच्या अनेक भागांतील सुलभीकरण जवळजवळ नाहीसे होते. पहिल्या आवेगाला मिळणारा प्रतिसाद आणि शिल्लक कॅल्शियमचे प्रमाण मात्र जवळपास पूर्वीसारखेच राहते. पुराची मोजणी करणारा एक आणि ओलीची दखल घेणारा दुसरा, अशी कामांची वाटणी निसर्गाने केलेली आहे. सगळ्याच टोकांत हीच एक रीत असेल असे नाही. काही टोकांत कॅल्शियम पकडणारी प्रथिने पहिल्याच आवेगाने भरून जातात आणि दुसऱ्या वेळी पकडायला हात मोकळे राहत नाहीत. त्यामुळेही निरोप वाढतो. कात्झ आणि मिलेदी यांचे मूळ म्हणणे यातून खोटे ठरले नाही; ते अधिक नेमके झाले.

यातली आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आवेग बराच वेळ, एकामागून एक, वेगाने येत राहिले की तंतुकणिकाही कॅल्शियम ओढून घेतात, हे वर आलेच आहे. झड थांबल्यावर त्या ते हळूहळू टोकात परत सोडतात. त्यामुळे टोकाची संवेदनशीलता काही सेकंद नव्हे, तर काही मिनिटेही वाढलेली राहू शकते. झिंग्याच्या जातीच्या एका प्राण्यावर तांग आणि झुकर यांनी १९९७ मध्ये हे दाखविले. म्हणजे आवराआवर करणाराच काही ठिकाणी आठवण ठेवणाराही असतो.

मग प्रश्न पडतो: शिल्लक इतकी उपयोगी, तर ती आवरायचीच कशाला? हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. त्याचे उत्तर महाराष्ट्रातील आणि काशीतील डॉक्टरांना रुग्णांच्या खाटेशी आणि प्रयोगशाळेत शोधावे लागले आहे.

कोकणात भाताच्या काडात, दगडांच्या रचणीत, गवताच्या भाऱ्यात लाल विंचू असतो. त्याच्या विषातील काही घटक मज्जातंतूंवरील सोडियमची दारे बंदच होऊ देत नाहीत. आवेग एक मिलिसेकंदात संपायचा तो संपत नाही. एकामागून एक आवेग उठतात. टोकाशी कॅल्शियम घुसतच राहते आणि पिशव्या फुटतच राहतात. आवरणारे पंप आहेत, पण आवक थांबेचना तर ते काय करणार? घाम, लाळ, उलट्या, हातपाय गार पडणे, रक्तदाब चढणे आणि अखेर फुप्फुसांत पाणी होणे, अशा पायऱ्यांनी रुग्ण, विशेषतः लहान मूल, मृत्यूच्या दारी जात असे. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी असे रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे औषध या अवस्थेत उपयोगी पडते, हे दाखविले. त्यांचा यासंबंधीचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. हे औषध टोकाशी चाललेली उधळण थांबवत नाही. निरोप स्वीकारणारी पलीकडची काही दारे ते बंद करते आणि शरीराला सावरायला वेळ मिळतो. विंचुदंशाने होणारे मृत्यू त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

हाच विंचू काशीलाही पोहोचला, पण प्रयोगशाळेत. शिंदे घाटापासून नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या दक्षिण टोकाशी १९१६ मध्ये स्थापन झालेले काशी हिंदू विश्वविद्यालय आहे. तिथल्या वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात लाल विंचवाच्या विषाचा उंदरांच्या फुप्फुसांवर आणि त्यांच्या मज्जाप्रतिक्षेपांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास झाला. त्यातील एक निबंध १९९९ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त प्रसिद्ध झाला, कात्झ आणि मिलेदी यांचा १९६८ चा निबंधही याच नियतकालिकात आलेला होता. याच विंचवाच्या विषातून वेगळे काढलेले आयबेरिओटॉक्सिन नावाचे द्रव्य आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. कॅल्शियम वाढले की उघडणारी पोटॅशियमची काही दारे मज्जातंतूंच्या टोकांवर असतात. ती उघडली की आवेग विझतो आणि कॅल्शियमची आवक थांबते. हे द्रव्य नेमकी तीच दारे बंद करते. म्हणून ‘आवक थांबवणारे हात बांधले तर काय होईल?’ हा प्रश्न प्रयोगात विचारता येतो. कोकणातील शेतकऱ्याचा जीव घेणारे विष असे ज्ञानाचे हत्यार झाले.

सुलभीकरणाचा उपयोग रोगनिदानातही होतो. लँबर्ट-ईटन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १९५० च्या दशकात वर्णन झालेल्या एका विकारात शरीर स्वतःच्याच कॅल्शियम-दारांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. दारे कमी पडतात, लोंढा अपुरा येतो, पिशव्या फुटत नाहीत आणि रुग्णाला खुर्चीवरून उठवत नाही. पण त्याला दहा सेकंद स्नायू पूर्ण ताकदीने आवळायला सांगितले, तर त्यानंतर काही वेळ त्या स्नायूचा प्रतिसाद दुपटीहूनही अधिक वाढू शकतो. त्या दहा सेकंदांत आवेगांची झड लागते, थोडेथोडे कॅल्शियम आवरले जाण्याआधी साचते आणि कमजोर निरोप बळकट होतो. दुसऱ्या एका विकारात, मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये, बिघाड फटीच्या पलीकडे, निरोप स्वीकारणाऱ्या बाजूस असतो. तिथे वारंवार श्रम केले की शक्ती उलट ओसरते. दोन्ही रुग्ण अशक्त, दोघांची तक्रार एकच. पण शिल्लक कॅल्शियमचे वर्तन ठाऊक असलेला डॉक्टर दोघांना वेगळे ओळखतो आणि वेगळे औषध देतो.

सारांश असा: आवराआवर फार झटपट झाली तर प्रत्येक आवेग टोकाला नव्याने, अनोळखी म्हणून भेटेल. फार संथ झाली तर टोक तुंबेल आणि पिशव्यांचा साठा उधळला जाईल. निरोगी टोक यांच्यामधली गती राखते, आणि ती गतीही सगळीकडे एक नसते. काही संपर्कस्थाने पहिल्याच आवेगाला भरभरून प्रतिसाद देतात आणि मग थकतात. काही पहिल्या वेळी जेमतेम बोलतात आणि तिसऱ्या-चौथ्या आवेगाला खुलतात. मेंदूला दोन्ही लागतात. एकाकी, भरकटलेला आवेग गाळून टाकायचा असेल तिथे दुसरा प्रकार कामाचा, आणि नव्या बदलाची दखल चटकन घ्यायची असेल तिथे पहिला.

आता शाळेकडे येऊ. इथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. सुलभीकरण मिलिसेकंदांचे आहे. पाढे, कविता, प्रमेये वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून ‘घोकल्याने कॅल्शियम साचते आणि त्यामुळे पाठ होते’ असे कोणी सांगितले तर ते विज्ञान नव्हे. टिकाऊ स्मरणाच्या वाटा वेगळ्या आहेत. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत वर्णिलेल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या बळकटीत पलीकडची, निरोप घेणारी पेशी बदलते. तिथेही कॅल्शियम लागते, पण पुढे प्रथिनांची नवी घडण होते आणि तिला तास, दिवस लागतात. शिंदे घाटापासून जवळच्याच घाटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी वैदिक घराण्यांत घनपाठ शिकवला जातो. त्यात पदे एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशा क्रमाने पुन्हापुन्हा येतात. म्हणणाऱ्याच्या जिभेचे नि कंठाचे स्नायू चालवणाऱ्या तंतूंत त्या वेळी सुलभीकरण घडत असेलही. पण घनपाठी घडतो तो दररोजच्या संथेने, आणि त्याला वर्षे द्यावी लागतात. तासाभरात कितीही आवृत्त्या केल्या तरी त्या वर्षांची जागा भरून येत नाही.

हा भेद वर्गातही लक्षात ठेवण्याजोगा आहे. फळ्यावर उदाहरण सोडवून झाले, लगेच तसेच दुसरे घातले आणि वर्गाने ते एका सुरात सोडवले, म्हणजे वर्ग शिकला असा समज सहज होतो. ते आत्ताचे, ताजे, वाट सोपी झाल्याचे यश असते. चार दिवसांनी, मध्ये दुसरा धडा झाल्यावर, तेच उदाहरण किती मुलांना येते, यावरून शिकणे कळते. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस याने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखविले होते की एका बैठकीत रेटलेल्या आवृत्त्यांपेक्षा दिवसांवर विभागलेल्या आवृत्त्या अधिक टिकतात. याचे कारण चेतापेशीच्या टोकाशी साचणारे कॅल्शियम नव्हे, हे खरे. पण दोन्हीकडून मिळणारी शिस्त एकाच जातीची आहे: दोन निरोपांमधील अंतर ही रिकामी जागा नसते. त्या अंतरात काम चाललेले असते, आणि किती अंतर ठेवायचे हे त्या कामाला लागणाऱ्या वेळावरून ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. पहिल्या हाकेला उत्तर न देणारे मूल मंद, आणि पहिल्याच हाकेला उत्तर देणारे हुशार, ही वाटणी घरीदारी फार लवकर केली जाते. पहिल्या आवेगाला गप्प राहून चौथ्याला खुलणाऱ्या संपर्कस्थानावरून मुलाविषयी काही सिद्ध होत नाही. हा दृष्टांत आहे, पुरावा नव्हे. तरीही ज्या मेंदूने आपले स्वतःचे काम एकाच प्रकारच्या टोकांवर सोपवलेले नाही, त्या मेंदूच्या मुलांना एकाच पहिल्या उत्तरावरून मोजू नये, एवढा विवेक तरी या दृष्टांताने जागा व्हावा. चौथा प्रश्न विचारण्याइतका धीर शिक्षकाने आणि पालकाने ठेवावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. आज ज्या प्रयोगांची नावे ऐकलीत त्यांतील बरेचसे बेडकाच्या एका स्नायूपासून सुरू झाले. एक शोध महाडच्या दवाखान्यातील नोंदवह्यांतून आला. त्यांपैकी कोणीही ‘पटले’ म्हणून थांबले नाही. शिल्लक कॅल्शियमचे स्पष्टीकरण सुंदर होते. हिशेब करणाऱ्यांनी तरी २० आणि २०.५ ची तुलना केली आणि स्पष्टीकरण अपुरे आहे हे कबूल केले. शिंदे घाट आणि चेतापेशी यांची आज केलेली जोडीही अशीच तपासून पाहा. ती कुठे जुळते आणि कुठे तुटते, याची दोन रकान्यांत नोंद करा. उदाहरणार्थ, घाटावरचा गाळ नदी कुठून तरी नव्याने आणते. चेतापेशीच्या टोकाशी बाहेर घालवलेले कॅल्शियमच पुन्हा पुढच्या लोंढ्यात आत येते. हा एक तुटण्याचा मुद्दा झाला; आणखी चार तुम्हाला सापडतील.

शाळेच्या साठ वर्षांत या वर्गांतून हजारो मुले गेली. दर जून महिन्यात फळे पुसले गेले, जुन्या वह्या आवरल्या गेल्या, बाके हलली आणि नवे वर्ग भरले. पुसणाऱ्या हातांची, म्हणजे शिपाई मामांची, सफाई कामगारांची आणि शाळा सुटल्यावर मागे थांबणाऱ्या शिक्षकांची नावे स्मरणिकेत कमी येतात. त्यांचे काम झाले नसते तर दुसऱ्या दिवसाचा पहिला तास सुरूच झाला नसता. या हीरक महोत्सवात त्यांचेही स्मरण व्हावे, ही विनंती करून हे विवेचन इथे पूर्ण होत आहे.